गवती चहाच्या तेलाचं जेल : तीन फसलेले डबे आणि काही प्रश्न

गोदाकाठ | ३ सप्टेंबर, रात्री १०:१२

मंडळी, पोस्ट लांबणार आहे. चहा घेऊन बसा.

मी बी.फार्म. लग्नाआधी नाशिकमधल्या अंबडच्या एका कारखान्यात पाच वर्षं क्वालिटी कंट्रोलला होते. म्हणजे दुसऱ्यांनी बनवलेलं तपासायचं आणि नाक खुपसायचं. स्वतः काही बनवायची वेळ आत्ता आली. माझे मामेसासरे पेठ तालुक्यात असतात. त्यांनी वरकस जमिनीवर एकरभर गवती चहा लावलाय आणि गावातल्या चौघांनी मिळून तेल काढायची छोटी भट्टी टाकलीय. शंभर किलो गवत घातलं की तीन-चारशे ग्रॅम तेल पडतं. व्यापारी येतो, बाटली हुंगतो, तोंड वाकडं करतो आणि भाव पाडून घेऊन जातो. मामांचं म्हणणं, "तू औषधवाली ना? मग याचं काहीतरी कर की."

त्यांच्याच गावच्या बायका ऑक्टोबरपासून दिंडोरी-निफाडकडे द्राक्षबागांत टोळीनं कामाला येतात. परत जाताना त्यांचे हात बघवत नाहीत. पेरांना चिरा, मनगटाला खाज, बोटांच्या बेचक्यांत पुरळ. माझ्या डोक्यात गणित जुळलं : गावचंच तेल, गावच्याच बायका, हाताला लावायचं जेल. सासूबाई म्हणाल्या, "ओटा मात्र रात्री दहानंतर घ्यायचा."

डबा पहिला. मेडिकलमधून कोरफड जेलची बरणी आणली, त्यात तेलाचे थेंब टाकून चमच्यानं फेटलं. अर्धा तास झकास. सकाळी बघते तर मिसळीवर तर्री यावी तसा वर तवंग.

डबा दुसरा. जरा अभ्यास करून कार्बोमर आणलं, म्हणजे पाण्याचं जेल करणारी भुकटी. पाण्यात भिजवलं, ट्रायइथेनॉलअमाइन या अल्कलीचे थेंब टाकले आणि अक्षरशः डोळ्यांदेखत पाण्याचं जेल झालं. चमचा उभा राहिला. मग मला अवदसा आठवली. कुंडीतल्या कोरफडीचा ताजा गर मिक्सरमधून काढून त्यात घातला. पाच मिनिटांत शेवयांच्या खिरीसारखं पातळ. वरून आणखी अमाइन घातलं, काही उपयोग नाही.

डबा तिसरा. कोरफड नाही. तेल आधी पॉलिसॉर्बेट ८० मध्ये, म्हणजे तेल-पाणी एकत्र धरणाऱ्या द्रव्यात, कालवून मग घातलं. जेल टिकलं, थोडं धुरकट झालं पण फाटलं नाही. तेल दोन टक्के. मी आनंदात मनगटाला चोळलं. दहा मिनिटांत आग आणि कपाळावर लावायच्या टिकलीएवढे लाल चट्टे, दोन दिवस राहिले. शिवाय तेल मोजायला मुलाच्या वाढदिवसाचा उरलेला पारदर्शक प्लॅस्टिकचा ग्लास घेतला होता, त्याचं बूड मऊ पडून ओट्याला चिकटलं. ते खरवडायला मीच होते.

तर प्रश्न : दुसरा डबा का फसला? तेल किती टक्के घ्यावं? आणि हे घरी सहा महिने टिकेल असं करता येतं का?

---

अळणी | ३ सप्टेंबर, रात्री १०:३१

रुमाल टाकून ठेवतो. ग्लास विरघळवणारं तेल हाताला लावायचं म्हणजे तुमच्या धैर्याला नमस्कार.

---

मी सिडकोची | ३ सप्टेंबर, रात्री ११:०५

मी तर गवती चहा फक्त चहात टाकते बाई. वाचतेय.

---

सातपूरचे निवृत्त | ४ सप्टेंबर, सकाळी ६:४०

गोदाकाठताई, तुमचा दुसरा डबा ही माझी आवडती फजिती आहे. चाळीस वर्षांत निदान दहा ट्रेनींना ती करताना पाहिलंय.

कार्बोमर म्हणजे अॅक्रिलिक आम्लाच्या लांबच लांब साखळ्या, एकमेकींना जागोजागी टाचलेल्या. कोरड्या भुकटीत त्या लोकरीच्या गुंड्यांसारख्या गुंडाळलेल्या असतात. पाण्यात भिजल्या की थोड्या फुगतात, पण पाणी पातळच राहतं आणि पीएच तीनच्या आसपास असतो. अल्कली घातली की साखळीवरच्या आम्लांवर ऋण भार येतो. सारखे भार एकमेकांना ढकलतात, गुंडी ताणून उलगडते आणि सगळं पाणी आपल्या पोटात धरून बसते. तुम्ही डोळ्यांदेखत पाहिलंत ते हेच.

आता त्यात मीठ गेलं, कुठलंही क्षार गेलं, की ते भार झाकले जातात. ढकलाढकल थांबते, गुंडी परत मिटते, पाणी सोडते. ताज्या कोरफडीत पोटॅशियम, कॅल्शियम भरपूर. म्हणून खीर झाली. अमाइन कमी पडलं नव्हतं, त्यामुळे वाढवून काही होणार नव्हतं. बोअरच्या पाण्याचंही तसंच, आपल्याकडे ते जड असतं. डिस्टिल्ड वॉटरच घ्या, बॅटरीवाल्याकडचं नको, औषधी दुकानातलं सीलबंद.

हेच कारण आहे की कार्बोमरचं जेल घामट कातडीवर लावलं की लगेच पाणी सुटतं. लोकांना वाटतं छान मुरलं. मुरत नाही, घामातल्या मिठानं मोडतं.

काही बारक्या गोष्टी. भुकटी एकदम ओतायची नाही. चहाच्या गाळणीतून पाण्यावर भुरभुरवायची आणि रात्रभर तशीच ठेवायची, आपोआप बसते. घाई केली की गुठळ्या होतात, वरून ओल्या आत कोरड्या, पिठल्यात होतात तशाच आणि तितक्याच हट्टी. ढवळायचं ते अमाइन घालायच्या आधी. जेल झाल्यावर जोरात फेटलं तर हवेचे बुडबुडे अडकतात ते कायमचे. आणि अमाइन घालून न्यूट्रल करायच्या आधी पॉलिसॉर्बेट घालू नका. आम्ल अवस्थेतल्या कार्बोमरला ते चिकटतं, मग रवाळ होतं.

आणखी एक. ९४० नंबरचं कार्बोमर जुन्या पद्धतीत बेंझिनमध्ये बनतं, अंश मागे राहतो. अमेरिकेच्या एफडीएनं २०२३ मध्ये त्यापासून दूर जायला सांगितलंय. ९८० मागा, जेल तसंच होतं.

---

गोदाकाठ | ४ सप्टेंबर, सकाळी ८:१५

काका, साष्टांग. कॉलेजात हे प्रकरण पंधरा मार्कांना होतं आणि मी पाठ करून लिहिलं होतं. गुंडी आज समजली.

---

प्रोजेक्टग्रस्त | ४ सप्टेंबर, दुपारी १:२०

एम.फार्म. दुसरं वर्ष, विषय हाच : वनस्पतींच्या तेलाचं नॅनोइमल्शन, म्हणजे पाण्यात अतिबारीक थेंबांत मिसळलेलं तेल, आणि त्याचं जेल. त्यामुळे ताई, तुमचं दुःख माझं दुःख.

तेल आणि पॉलिसॉर्बेट समप्रमाणात घेतलं तर भागत नाही. एक भाग तेलाला तीन ते पाच भाग, कधी त्याहून जास्त लागतं. आधी ते दोघं एकत्र, मग बारीक धारेनं पाणी. जमलं तर थेंब इतके बारीक होतात की मिश्रण निळसर पारदर्शक दिसतं. दुधाळ दिसलं की समजायचं थेंब मोठे राहिले. आमच्याकडे मशिनवर मापतो, दोनशे नॅनोमीटरच्या खाली आले की मी पेढे वाटते.

पण खरं सांगू? जेल बनवणं महिन्याभरात झालं. अडकलेय ती "काम करतं का" इथे. जंतू वाढवायच्या आगार नावाच्या जेलीच्या ताटलीत खड्डा पाडून तेल टाकायचं आणि भोवती जंतू न उगवलेलं वर्तुळ मोजायचं. तेल पाण्यात विरघळत नाही, आगारमध्ये नीट पसरत नाही, वर उडूनही जातं. म्हणजे वर्तुळ लहान आलं तर तेल कुचकामी असं नाही आणि मोठं आलं तर कातडीवर बरं होईल असंही नाही. त्यापेक्षा द्रवात पातळ करत करत किमान किती मात्रेला वाढ थांबते ते बघणं बरं. आमच्या सरांना मात्र वर्तुळाचा फोटो हवा असतो. थिसिसमध्ये छान दिसतो.

---

सुगंधी उपद्रव | ४ सप्टेंबर, दुपारी ३:४८

म्हणजे थोडक्यात हे सगळं अत्तर लावलेलं जेल. औषध-बिवषध काही नाही. पुरावा दाखवा.

---

प्रोजेक्टग्रस्त | ४ सप्टेंबर, दुपारी ४:१०

सरसकट नाही. टी ट्री तेलाचा, म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या एका झाडाच्या पानांच्या तेलाचा, पुरावा बऱ्यापैकी आहे. १९९० मध्ये ऑस्ट्रेलियात मुरुमाच्या १२४ रुग्णांवर ५ टक्के टी ट्री जेल आणि ५ टक्के बेन्झॉइल पेरॉक्साइड अशी तुलना झाली. दोन्हींनी मुरूम कमी झाले. टी ट्री सावकाश चाललं, पण त्याचा त्रास कमी जणांना झाला. पुढे २००७ मध्ये इराणमध्ये ६० जणांवर ५ टक्के जेल विरुद्ध नुसतं जेल असा प्रयोग झाला, त्यातही तेलाचं जेल सरस ठरलं. पण ते टी ट्री. त्यातलं मुख्य द्रव्य टर्पिनेन-४-ऑल. गवती चहात मुख्य सिट्रल, सत्तर-ऐंशी टक्के. एकाचा पुरावा दुसऱ्याच्या बाटलीवर चिकटवता येत नाही.

---

सुगंधी उपद्रव | ४ सप्टेंबर, दुपारी ४:२२

बरं. उपद्रव मागे घेतो. अर्धा.

---

नखशिखांत | ४ सप्टेंबर, रात्री ९:५५

मी त्वचेचीच डॉक्टर आहे. इथे कुणाला औषध सांगणार नाही, फोटोही पाठवू नका. पण ताईंच्या मूळ कल्पनेबद्दल बोलणं भाग आहे.

चिरा पडलेल्या कोरड्या हाताला जेल हे चुकीचं वाहन आहे. जेल म्हणजे बहुतांश पाणी. लावलं की थंड वाटतं, कारण पाणी उडतं, आणि उडताना कातडी आणखी कोरडी करून जातं. तेलकट चेहरा, केसाळ जागा, मुरूम, डोक्याची त्वचा यांना जेल बरं. भेगा पडलेल्या हाताला चिकट, तेलकट, झाकून धरणारं काही लागतं. साधी पेट्रोलियम जेली यात बहुतेक महागड्या डब्यांना भारी पडते. वासाचं काहीच नको.

कारण फाटलेल्या कातडीतून तेलातली द्रव्यं सहज आत शिरतात. सिट्रल, जिरॅनिऑल, युजेनॉल, लिनॅलूल, लिमोनिन ही ओळखीची अॅलर्जी करणारी मंडळी. युरोपात अंगावर राहणाऱ्या उत्पादनात ०.००१ टक्क्याच्या वर असली तरी लेबलावर नाव छापावं लागतं. एकदा शरीरानं सिट्रलशी वैर धरलं की ते जन्मभराचं. मग पुढे साबणानंही खाज, फिनेलच्या वासाच्या फडक्यानंही खाज. ताईंच्या मनगटावरचे चट्टे तेलाच्या तीव्रतेचे असावेत, अॅलर्जी असती तर बहुधा दहा मिनिटांत नाही, एक-दोन दिवसांनी उठली असती. तरी पुन्हा लावताना जपून.

आणि त्या बायकांना नेमकं झालंय काय? रसायनानं भाजल्यासारखं, अॅलर्जी, की नायटा? तिन्ही लांबून सारखे दिसतात. नायटा असेल तर मेडिकलमधून मिळणारी स्टेरॉइड मिसळलेली तीन-चार औषधांची क्रीम लावून तो इतका चिवट करून आणतात की नेहमीच्या गोळ्यांना दाद देत नाही. त्यावर गवती चहा चोळून काही होणार नाही.

---

द्राक्षवाला पिंपळगाव | ५ सप्टेंबर, सकाळी ५:५०

मी वाचणार होतो फक्त. पण राहवलं नाही.

ताई, टोळी ऑक्टोबरमध्ये येते म्हणालात ना? ऑक्टोबर छाटणी झाली की पेस्टिंग असतं. काडीवर हायड्रोजन सायनामाइड लावतात, डोळे एकसारखे फुटावेत म्हणून. फडकं किंवा स्पंज बुडवायचा आणि डोळ्यांवर फिरवायचा. दिवसभर हात त्यात. ते औषध कातडी जाळतं, डब्यावर स्पष्ट लिहिलेलं असतं. आमच्याकडे एक गडी संध्याकाळी प्यायला आणि तोंड टोमॅटोसारखं लाल, छाती धडधडायला लागली. ह्या औषधाबरोबर दारू चालतच नाही, तेव्हापासून मी पेस्टिंगच्या दिवशी टोळीला आधी हेच बजावतो.

त्यानंतर डिपिंग म्हणजे घड बुडवणं, थिनिंग म्हणजे मण्यांची विरळणी. जीए, म्हणजे मणी फुगवायच्या संप्रेरकाच्या पाण्यात हात. मग फवारणी.

हात खराब का होतात हे बागवाल्यांना ठाऊक आहे. हातमोजे द्यायचे पैसे असतात, द्यायचं सुचत नाही. मीही चार वर्षांपूर्वीपर्यंत दिले नव्हते, खोटं कशाला बोलू. दिले तर बायका म्हणतात बोटं चालत नाहीत, काम मागे पडतं, आणि उक्तं काम असेल तर त्यांचेच पैसे जातात. आत पाणी शिरलेला मोजा तर न घातल्यापेक्षा वाईट. म्हणून आता दिवसात दोनदा बदलायला लावतो.

जेल नंतर बघा. आधी मोजे.

---

गोदाकाठ | ५ सप्टेंबर, सकाळी ७:३०

दादा, डॉक्टर, दोघांनाही नमस्कार. रात्री नीट झोप लागली नाही. मी तेल हातात धरून त्याच्यासाठी आजार शोधत होते, असं झालं हे.

पण तेलाचं काय करायचं हा प्रश्न उरतोच. मामा रोज फोन करतात.

---

तापीकाठ | ५ सप्टेंबर, सकाळी ११:०२

अवांतर करतो, माफ करा. गवताच्या तेलाचा धंदा आपल्या भागाला नवा नाही. आमच्या खानदेशातल्या डोंगरांत रोशा गवत उगवतं. इंग्रजांच्या काळी त्याचं तेल जागेवरच भट्ट्या लावून काढत आणि मुंबई बंदरातून तांबड्या समुद्राकडे पाठवत. तिथून ते इस्तंबूलला जाई आणि बल्गेरियाच्या गुलाबाच्या अत्तरात भेसळ म्हणून मिसळलं जाई. त्याला नाव काय पडलं, तर तुर्की जिरॅनियम तेल. ना तुर्की, ना जिरॅनियम. गवत आमचं, नाव त्यांचं, भाव व्यापाऱ्याचा. तुमच्या मामांचं दुःख शंभर-सव्वाशे वर्षं जुनं आहे एवढंच सांगायचं होतं.

रोशात जिरॅनिऑल पाऊण हिश्शाच्या वर. वास गुलाबाचा.

---

अळणी | ५ सप्टेंबर, सकाळी ११:१५

धाग्याला फुटलेला आजवरचा सर्वात सुवासिक फाटा.

---

मी सिडकोची | ५ सप्टेंबर, दुपारी २:३०

माझा साधा प्रश्न. माझ्या नणंदेच्या सात महिन्यांच्या बाळाला सर्दीत असलं जेल छातीला लावलं तर चालेल का? बाजारातल्यापेक्षा घरचं बरं ना?

---

नखशिखांत | ५ सप्टेंबर, दुपारी ३:०५

नको. घरचं असो वा दारचं. दोन वर्षांखालच्या मुलांना कापूर, निलगिरी, पुदिन्याचा अर्क असलेलं काहीही छातीला, नाकाशी लावू नये. कापूर पोटात गेला तर झटके येऊ शकतात. बाळाच्या डॉक्टरांना दाखवा. आणि कुणाच्या घरी मांजर असेल तर टी ट्री लावून तिला जवळ घेऊ नका, चाटलं तर विषबाधा होते.

---

नियमावली | ५ सप्टेंबर, सायंकाळी ६:४५

रसभंग करायला आलोय.

विकायचं असेल तर घरचा ओटा चालत नाही. सौंदर्यप्रसाधन म्हणून बनवायचं तर कॉस्मेटिक्स रूल्स २०२० खाली उत्पादन परवाना लागतो. आयुर्वेदिक औषध म्हणून बनवायचं तर त्याचा वेगळा. दोन्हींसाठी आपल्याकडे अन्न व औषध प्रशासन. जागा, तज्ज्ञ माणूस, तपासणी सगळं दाखवावं लागतं.

"आम्ही विकत नाही, नुसतं वाटतो" हे उत्तर नेहमी येतं. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा १९४० मध्ये विक्रीसाठी आणि वाटपासाठी असे दोन्ही शब्द आहेत. स्वतःच्या मनगटाला काय लावायचं ते लावा, पण टोळीला डबे वाटणं म्हणजे वाटप.

आणि लेबलावर "खाज, नायटा, इसब बरा करते" लिहिलं की ते प्रसाधन राहत नाही, औषध होतं.

---

सातपूरचे निवृत्त | ५ सप्टेंबर, रात्री ८:२०

नियमावली म्हणतात ते बरोबर. पण शिकण्यासाठी बनवायला हरकत नाही, आणि ताईंना क्वालिटी कंट्रोलची सवय आहे, तर मी टी ट्रीच्या जेलची माझी रीत लिहून ठेवतो. शंभर ग्रॅमला कार्बोमर ०.७५, ग्लिसरीन ३, तेल ५, पॉलिसॉर्बेट ८० किमान १५. इथेच अनेकांचा उत्साह मावळतो, कारण एवढं पॉलिसॉर्बेट म्हणजे चिकटपणा आला. कमी करायचं तर काही भागाला प्रॉपिलीन ग्लायकॉल वापरून बघता येतं. प्रिझर्व्हेटिव्ह म्हणून फिनॉक्सिइथेनॉल ०.८. एक टक्का ही त्याची मर्यादा. उरलेलं पाणी. भिजलेल्या कार्बोमरला आधी अमाइन थेंबाथेंबानं, पीएच सहाच्या आसपास येईपर्यंत, आणि पॉलिसॉर्बेटमध्ये कालवलेलं तेल शेवटी, हलक्या हातानं. पट्टीवर विश्वास ठेवू नका, मीटर घ्या.

"तेलच जंतू मारतं, मग प्रिझर्व्हेटिव्ह कशाला" असं वाटतं ना? तेल थेंबांत अडकलेलं असतं, बुरशी पाण्यात वाढते. पोटॅशियम सॉर्बेट स्वस्त पडतं म्हणून घालाल, तर ते आम्ल पीएचलाच काम करतं, सहाच्या वर त्याचा उपयोग जवळजवळ नाही.

काही गरम केलं असेल तर ते चाळीस अंशांखाली आल्यावरच तेल घाला, नाहीतर खोलीला वास आणि जेल कोरडं. थेंब मोजू नका, प्रत्येक ड्रॉपरचा थेंब वेगळा. सराफ बाजारात छोटा सराफी काटा मिळतो, ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवतो, तो घ्या. आणि वाढदिवसाचे ग्लास पॉलिस्टायरीनचे असतात, ही तेलं ते विरघळवतात. काच वापरा, नाहीतर अॅल्युमिनियमची ट्यूब.

टिकण्याचं म्हणाल तर एक डबी चाळीस अंशांना, एक फ्रिजमध्ये, एक खिडकीत. कार्बोमर उन्हात पातळ होतं हे खिडकीतली डबीच सांगेल.

---

गोदाकाठ | ५ सप्टेंबर, रात्री ९:१०

खिडकीतली डबी माझ्याकडे आधीच होती काका. मे महिन्यात गाडीच्या डिकीत एक नमुना विसरले होते. गंगापूर रोडला दुपारभर गाडी उन्हात. उघडलं तर वर पिवळं पाणी, खाली चिकट लपका आणि वास लिंबाचा नव्हे, रंगाच्या दुकानातला.

---

प्रोजेक्टग्रस्त | ५ सप्टेंबर, रात्री ९:३८

ते तेल हवेनं बिघडलं. टर्पिनं, म्हणजे अशा तेलांतली वासाची द्रव्यं, ऑक्सिजन घेऊन पेरॉक्साइडं बनवतात आणि ताज्या तेलापेक्षा ती जास्त अॅलर्जी करतात. टी ट्रीचंही तेच. अर्धी रिकामी बाटली वर्षभर वापरू नये. मोठ्या बाटलीतून छोट्या गडद बाटल्यांत काठोकाठ भरून ठेवा, फ्रिजमध्ये.

आणि कुणी लिंबाचं दाबून काढलेलं तेल वापरत असेल तर दोन टक्क्यांच्या वर नको. ते लावून उन्हात गेलं की कातडी भाजते. वाफेनं काढलेल्या लिंबाच्या तेलाला हा धोका नाही.

---

अळणी | ६ सप्टेंबर, सकाळी ९:००

सहा दिवसांपूर्वी मी लिंबाचं तेल मानेला लावून बाइकवर त्र्यंबकला गेलो होतो. मान अजून दोन रंगांची आहे. तेव्हा मला वाटलं ऊन्ह जास्त होतं. श्रावण असूनही.

---

गोदाकाठ | १२ नोव्हेंबर, रात्री १०:४०

धागा वर काढतेय. दोन महिन्यांत बरंच झालं.

गवती चहाचं जेल बंद केलं. टी ट्रीची एक डबी काकांच्या रीतीनं केली, फ्रिजमध्ये आहे, माझ्या भाच्याच्या मुरुमासाठी नाही, तर मला जमतं की नाही हे बघायला. नऊ आठवडे झाले, तवंग नाही. खिडकीतली डबी पातळ झाली, काका जिंकले.

मामांच्या तेलाचा नमुना एका प्रयोगशाळेत पाठवला. जीसी रिपोर्ट, म्हणजे तेलात कुठलं द्रव्य किती ते सांगणारा कागद, आला, सिट्रल ७८ टक्के. तो कागद लॅमिनेट करून मामांनी भट्टीवर लावलाय. पुढच्या खेपेला व्यापारी हुंगायला वाकला तर मामा म्हणाले, "नाक राहू दे, हे वाच." भाव थोडा चढला. परवानाधारक साबणवाल्यांकडे विचारणा चालू आहे. साबण धुऊन जातो, अंगावर राहत नाही, एवढं डोकं आता मला आलंय.

आणि टोळी. पिंपळगावच्या दादांनी सांगितलेल्या मापाचे नायट्राइलचे, म्हणजे कृत्रिम रबराचे मोजे मी दोन खोकी घेतले, उरलेले बागवाल्याकडून वसूल केले. कसे ते विचारू नका, सासूबाई सोबत होत्या. रात्री लावायला पेट्रोलियम जेलीच्या बाजारातल्या सीलबंद डब्या आणि वरून घालायला सुती मोजे. दोघींचे हात तरी सुजलेलेच होते, त्यांना सरकारी दवाखान्यात त्वचेच्या ओपीडीला नेलं. एकीला नायटा निघाला. ती जूनपासून कुठलीशी ट्यूब लावत होती.

परवा बागेत गेले होते. टोळीतल्या म्हाताऱ्या मावशींनी हात पुढे करून दाखवले. चिरा भरल्यात. मी खूश. मावशींनी डबी उघडून नाकाशी धरली, मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "ताई, बाकी ठीक. पण ह्याला वासच नाय. औषध लावलं असं वाटतच नाय बघ. मामाकडचं तेल थोडं टाकून दे ना ह्यात."

---

नखशिखांत | १२ नोव्हेंबर, रात्री १०:५२

टाकू नका!!

---

द्राक्षवाला पिंपळगाव | १३ नोव्हेंबर, सकाळी ५:४५

ताई, सासूबाईंचा नंबर द्या. आमच्या शेजारच्या बागवाल्याकडे पाठवायचंय.